आनंदीबाई जोशी यांचे सेरामपूरचे व्याख्यान : एक चिकित्सा

कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाऊक नसलेला सुशिक्षित मराठी माणूस विरळाच. त्यांचे अल्पायुष्य, त्यांचा सागरप्रवास, फिलाडेल्फिया येथील वैद्यकीय पदवी आणि स्वदेशी परतल्यावर काही महिन्यांतच ओढवलेला मृत्यू या गोष्टी शालेय पुस्तकांपासून चित्रपटापर्यंत सर्वत्र सांगितल्या गेल्या आहेत. परंतु ज्या व्यक्तीविषयी इतके लिहिले गेले, तिने स्वतः काय म्हटले याकडे मराठी समीक्षेने क्वचितच लक्ष पुरविले. दिनांक २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपल्या नियोजित अमेरिकागमनाविषयी इंग्रजीत एक व्याख्यान दिले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे होण्यास महिनाभराचा अवधी होता. चरित्रकार या व्याख्यानाचा उल्लेख धैर्याची एक घटना म्हणून करतात आणि पुढे जातात. वस्तुतः ते एक सुरचित वादग्रंथन आहे, आणि त्याचे परीक्षण त्याच दृष्टीने व्हावयास हवे. आनंदीबाईंच्या चरित्रासंबंधी जो एक प्रश्न अद्याप पुरता मिटलेला नाही, म्हणजे हा संकल्प मुळात कोणाचा, पतीचा की पत्नीचा, त्याचे उत्तर शोधतानाही या संहितेला वळसा घालून चालणार नाही.

व्याख्यानाकडे वळण्यापूर्वी त्याच्या पार्श्वभूमीचा थोडक्यात निर्देश करणे अवश्य आहे. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि पुढे बोर घाट व थळ घाट या दोन्हींकडे जाणाऱ्या मार्गांचे ते जंक्शन झाले. १८६४ पासून गावात सार्वजनिक वाचनालय होते. म्हणजे ज्या कल्याणात यमुनेचे बालपण गेले ते आडगाव नव्हते. टपाल, आगगाडी आणि छापील पुस्तक या तिन्ही नव्या गोष्टी तेथे येऊन पोहोचल्या होत्या. मुलीच्या आयुष्याची चाकोरी मात्र जुनीच होती. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळ विनायक जोशी या बिजवराशी तिचे लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास प्रसिद्धच आहे. त्यांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेर बंगाल असा तिचा प्रवास झाला. मध्यंतरी, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, तिला एक मूल झाले आणि ते दहा-बारा दिवसांतच दगावले. वैद्यक शिकण्याच्या तिच्या इच्छेचे मूळ बहुतेक चरित्रकार या घटनेत पाहतात. सेरामपूरच्या व्याख्यानात मात्र या दुःखाचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. श्रोत्यांची करुणा सहज मिळवून देणारा हा प्रसंग वक्त्रीने बाजूला ठेवला आणि केवळ युक्तिवादावर भिस्त ठेवली.

व्याख्यानाची रचना सहा प्रश्नांची आहे. अमेरिकेस का जावयाचे? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीनेच का जावयाचे? परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? परदेशात संकट ओढवले तर काय? आणि शेवटी, जे कोणत्याही स्त्रीने आजवर केले नाही ते हिनेच का करावे? हे प्रश्न लोकांनी वेळोवेळी आपणांस विचारलेले आहेत, त्यांना एकदा जाहीर उत्तर द्यावे, अशी त्यांची भूमिका आहे. आक्षेप अगोदर विरुद्ध पक्षाच्या शब्दांत मांडावयाचा आणि मग त्याचे निरसन करावयाचे ही आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धती होय. आनंदीबाईंनी ती जाणीवपूर्वक उचलली असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीतील निबंधकारांनी जे हत्यार परजले, तेच या तरुण मुलीच्या हाती येथे दिसते, आणि ते तिला पेलते हे निश्चित. प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. पहिले दोन सोयीचे, मधले दोन कुटुंब आणि जात यांचे, पाचवा दैवाचा आणि सहावा धर्माचा. प्रत्येक पायरीवर आक्षेप अधिक खोल जातो.

पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तर अत्यंत सरळ आहे: वैद्यक शिकावयाचे आहे म्हणून. देशात स्त्रीवैद्यांची गरज मोठी आहे आणि स्त्रिया, मग त्या देशी असोत वा युरोपीय, आपली दुखणी पुरुष वैद्यापुढे उघड करण्यास संकोचतात, हे त्याचे समर्थन. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या साक्षीत स्त्रीवैद्यांची निकड प्रतिपादन केली होती. तेव्हा हा विचार त्या काळच्या हवेत होता. परंतु त्यातील खुबी नीट पाहिली पाहिजे. ज्या लज्जेच्या नावाखाली मुलींना उंबरठ्याआड ठेवले जात होते, त्याच लज्जेच्या आधारे एका मुलीने उंबरठा ओलांडण्याचे प्रयोजन सिद्ध केले. सनातनी श्रोत्याला गृहीतक मान्यच असल्यामुळे निष्कर्ष नाकारणे अवघड होऊन बसते.

दुसरे उत्तर हे या व्याख्यानाचे हृदय होय. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश होता आणि इलाख्याइलाख्यांतून सुइणींचे वर्ग चालत होते. तेव्हा परदेशाची आवश्यकता कोणती, हा आक्षेप वजनदारच होता. आनंदीबाई या वर्गांतील शिक्षण अपुरे ठरवितात, शिकविणारे जुन्या मताचे आणि काहीसे मत्सरी असल्याचे सांगतात, आणि तो पुरुषजातीचा स्वभावच असल्याने त्यांना दोष देत नाही, असा चिमटाही काढतात. मग त्या शाळेच्या वाटेवर येतात. हातात पुस्तके घेऊन शाळेस निघालेल्या मुलीभोवती जमणारे बघे, ओसरीवर बसून शेरे मारणारे व खडे फेकण्याची लाज न बाळगणारे गृहस्थ, तिला पाहताच थुंकणारे दुकानदार, हे सर्व त्या एकामागून एक, आवाज न चढविता, जणू साक्ष नोंदवावी तसे सांगतात. बंगालमध्ये पतीसह फिरावयास निघाल्यावर आलेले अनुभवही त्यांत आहेत. त्यावरून त्या जो निष्कर्ष काढतात तो मार्मिक आहे. ख्रिस्ती झालेल्या अथवा ब्राह्म समाजात गेलेल्या स्त्रीकडे लोक इतके वळून पाहत नाहीत. हिंदू राहून, हिंदू वेषात शाळेस जाणारी स्त्री मात्र घरात आणि घराबाहेर उभयत्र छळाची धनीण होते. म्हणजे शिक्षणाचा अडसर शाळेच्या दारात नसून घर आणि शाळा यांच्यामधील रस्त्यावर आहे.

स्त्रीशिक्षणाविषयीच्या तत्कालीन वाङ्मयात हा मुद्दा इतक्या स्वच्छपणे आलेला आढळत नाही. सुधारक आणि सनातनी यांचा वाद चाले तो मुलीने काय शिकावे, किती शिकावे, शिकून ती घर मोडील की सावरील, यावर. शाळा काढली, पंतोजी नेमला, पुस्तके छापली की काम झाले असा सुधारकांचाही समज असे. त्या मुलीला तेथवर चालत जावे लागते, आणि त्या चालण्याला जाहीर रस्त्यावर दंड भरावा लागतो, हे चालणाऱ्या मुलीलाच ठाऊक. शिक्षणाचा हक्क हा अखेर रस्त्याने निर्वेधपणे जाण्याचा हक्क असतो, हे आनंदीबाईंचे निरीक्षण आजच्या अभ्यासकालाही शिळे वाटू नये. ठाणे, डोंबिवली वा कल्याणच्या स्थानकावर पहाटेच्या गाडीतून उतरून महाविद्यालय गाठणाऱ्या विद्यार्थिनींना विचारल्यास त्याची प्रचीती येईल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, पण वाङ्मयीन दृष्ट्या ते सर्वांत आश्चर्यकारक आहे. दोघांनीच जाण्याचा बेत आरंभी होता; पुरेसा पैसा नव्हता; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पतीवर वृद्ध मातापिता व धाकटी भावंडे यांचा भार आहे. एका जिवाच्या सोबतीसाठी इतक्यांना उपाशी ठेवणे निर्दयपणाचे ठरेल, म्हणून एकटीने जाणे प्राप्त आहे. येथे कौटुंबिक कर्तव्याची परिभाषा जशीच्या तशी ठेवून तिच्यातील पात्रे मात्र बदललेली आहेत. कुटुंबाच्या जबाबदारीने घरी जखडलेला आहे तो पुरुष, आणि विद्येसाठी देशांतरास निघालेली आहे ती स्त्री. काशीस अध्ययनासाठी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको हे आपल्या कथाकीर्तनांतील ठरीव चित्र होय. ते येथे उलटे झाले आहे. आणि वक्त्रीने त्याचा कोठेही गाजावाजा केलेला नाही.

बहिष्काराच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांची विनोदबुद्धी प्रकट होते. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ, आहार, वेष, रीत यांत बदल करणार नाही, अशी ग्वाही त्या देतात. त्याच दमात त्या विचारतात की, ज्यांना वाळीत टाकावयाचे आहे ते आजच का टाकीत नाहीत? सेरामपुरात एकही महाराष्ट्रीय नाही. आपण येथे आचार पाळतो की नाही हे पाहावयास कोण आले आहे? जातीचा धाक हा अंतरावर अवलंबून असतो, शेजाऱ्याची नजर जेथवर पोहोचते तेथवरच त्याची सत्ता, हे त्यांनी एका वाक्याच्या फटकाऱ्यात उघड केले. कल्याणच्या आळीत वाढलेल्या आणि दर दोन-चार वर्षांनी नव्या गावी बिऱ्हाड मांडलेल्या मुलीचे हे ज्ञान आहे. ते पुस्तकातून आलेले नाही.

संकटाविषयीचे पाचवे उत्तर तुलनेने सामान्य आहे. सहाव्यात त्या पुन्हा उसळी घेतात. व्यक्तीच्या कार्यावर समाजाचा हक्क आहे, सर्वांच्या हिताची गोष्ट प्रत्येकाने साधण्याचा यत्न केला पाहिजे, आणि कर्तव्याचा त्याग हे मनूच्या मते अक्षम्य पातक आहे. मग इतरांनी केले नाही म्हणून आपणही करू नये, हे कोणते शास्त्र? श्रोत्यांतील ख्रिस्ती मंडळींना उद्देशून त्या ख्रिस्ताच्या बलिदानाचा दाखला देतात आणि लगेच शिबी व मयूरध्वज या राजांची आठवण करतात. दोन धर्मांच्या श्रोत्यांना त्यांच्या त्यांच्या दैवतांच्या साक्षीने बांधून घेण्याचे हे कौशल्य अनुभवी वक्त्यालाही भूषणावह ठरावे. स्त्रीच्या मार्गात अडसर म्हणून नित्य उभा केला जाणारा मनू येथे तिच्या बाजूने साक्षीला बोलाविला आहे, हेही विसरता येत नाही.

हे सर्व गोपाळरावांनीच लिहून दिले नसेल कशावरून, अशी शंका घेतली जाते. ती सर्वस्वी निराधार नाही. १८७८ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र धाडून या प्रकरणास प्रारंभ केला तो गोपाळरावांनी. ते पत्र नियतकालिकात छापले गेल्यामुळे न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंचा स्नेह जुळला. इंग्रजीवर पत्नीपेक्षा त्यांचे प्रभुत्व अधिक काळाचे होते. परंतु अंतर्गत पुरावा या शंकेच्या विरुद्ध जातो. रस्त्यावरील अपमानांचे तपशील शाळेस जाणाऱ्या मुलीचे आहेत, तिला शाळेस धाडणाऱ्या नवऱ्याचे नव्हेत. शिवाय गोपाळरावांचा पिंड चिथावणीखोर होता. समोरच्याला डिवचावे, उद्या वेगळेच मत मांडावे, ही त्यांची रीत. व्याख्यानाचा स्वर मात्र संयत, क्रमबद्ध आणि समोरच्याला पटवू पाहणारा आहे. आणि अमेरिकेतून आनंदीबाईंनी पतीस लिहिलेल्या पत्रांत हाच स्वर पुन्हा ऐकू येतो. त्यांपैकी एका पत्रात त्या पतीच्या वागणुकीचा हिशेब मांडतात: दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी पुस्तके व खुर्च्या अंगावर फेकणे, चौदाव्या वर्षी इतर चमत्कारिक शिक्षा. ही वागणूक चांगली होती की वाईट याचा निवाडा त्या एका शब्दात करीत नाहीत. आजच्या फलाकडे पाहता ती योग्य आणि मुलीच्या मनावरील परिणाम पाहता अयोग्य, अशा दोन्ही बाजू मांडतात. आक्षेप नोंदवावयाचा, त्याचे वजन करावयाचे आणि मगच उत्तर द्यावयाचे, ही सेरामपूरचीच पद्धती होय. तेव्हा निदान युक्तिवादाची घडण आनंदीबाईंची होती असे मानण्यास जागा आहे. संकल्पाचा प्रारंभ पतीने केला असेल. त्याची जाहीर जबाबदारी पत्नीने स्वतःच्या कारणांनी घेतली.

व्याख्यानाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. हिंदूच राहण्याची प्रतिज्ञा ही डावपेच म्हणून प्रभावी असली तरी तिची किंमत मोठी आहे. ज्या आचाराच्या चौकटीतून रस्त्यावरचे खडे येतात, तिला न दुखविता मार्ग काढण्याचा हा प्रयत्न आहे. जातिव्यवस्थेविषयी येथे चकार शब्द नाही. १८५५ साली जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, त्यात धर्माच्या अधिकारालाच प्रश्न विचारला होता. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या नीतीचे वाभाडे काढले. या दोन लेखनांच्या शेजारी सेरामपूरचे व्याख्यान ठेवले असता त्याचा सावधपणा डोळ्यांत भरतो. पुढे अमेरिकेत एका सभेत आनंदीबाईंनी बालविवाहाच्या बाजूने बोलून आपल्या हितचिंतकांनाही बुचकळ्यात टाकले. स्वदेशाची निंदा परक्यांपुढे करावयाची नाही हा त्यामागील अभिमान समजण्यासारखा असला, तरी नवव्या वर्षी लग्न झालेल्या आणि बालपणीच मातृत्व आलेल्या स्त्रीच्या मुखी तो युक्तिवाद खटकतो. त्यांना सर्वकाळ बंडखोर ठरविणाऱ्या आजच्या गौरवलेखांनी हा प्रसंग टाळण्याचे कारण नाही.

आता मराठी साहित्याने या संहितेचे काय केले ते पाहावे. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. पुढील वर्षी कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र बोस्टनला प्रसिद्ध झाले. व्याख्यान त्यामुळे टिकून राहिले. १८८९ साली काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र आले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले पहिले लक्षणीय चरित्र म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहेच. पण त्याचा खरा गुण असा की, काशीबाईंनी पत्रांना बोलू दिले. स्वतः काशीबाई लग्नानंतर, घरच्यांचा रोष पत्करून, चोरून वाचावयास शिकलेल्या. त्यामुळे आनंदीबाईंच्या अभ्यासातील कष्ट आणि गोपाळरावांचा जाच या दोहोंकडे त्या भाबडेपणाने पाहत नाहीत. पतीविषयीचा आदर राखून पत्नीची तक्रार छापणे ही १८८९ मध्ये लहान गोष्ट नव्हती.

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीने ही कथा घरोघरी नेली. ती वाचनीय आहे, आणि गोपाळरावांसारखा विक्षिप्त, तापट, ध्येयवेडा पुरुष मराठी कादंबरीत क्वचितच इतक्या जिवंतपणे उभा राहिला असेल. अडचण तेथेच आहे. शीर्षकच पाहावे. स्त्रीच्या नावामागे पतीचे नाव लावण्याच्या रूढीप्रमाणे ते एकट्या आनंदीचे नाव म्हणून वाचता येते. मधे स्वल्पविराम कल्पिला तर दोघांचे. कादंबरीचा ओढा दुसऱ्या वाचनाकडे आहे. घडविणारा आणि घडणारी यांच्यातील संघर्ष व प्रेम हा तिचा विषय असल्याने, शेकडो अनोळखी लोकांच्या प्रश्नांना स्वतःच्या नावाने उत्तरे देणारी वक्त्री तिच्या कक्षेत नीट मावत नाही. राम जोगळेकर यांचे नाटक आणि समीर विद्वांस यांचा २०१९ चा चित्रपट हे याच वाटेने गेले. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि नव्या पिढीला आनंदीबाई परिचित झाल्या, ही जमेची बाजू. तथापि दांपत्यकथेचा साचा त्याने अधिकच पक्का केला. उलट दिशेने झालेले काम संशोधकांचे आहे. अंजली कीर्तने यांचा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथ आणि मीरा कोसंबी यांचे मरणोत्तर प्रकाशित झालेले इंग्रजी संपादन यांनी पत्रे व कागदपत्रे पुन्हा अभ्यासकांपुढे ठेवली.

तरीही सेरामपूरच्या व्याख्यानाला मराठी गद्याच्या इतिहासात स्थान मिळालेले नाही, याचे एक साधे कारण त्याची भाषा होय. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा उजेडात आणली आणि ते पुस्तक पाहता पाहता अभ्यासक्रमांत आले. मुक्ता साळवे यांचा निबंधही आता अपरिचित नाही. आनंदीबाईंचे व्याख्यान इंग्रजीत, बंगालमध्ये, मिश्र श्रोत्यांपुढे झाले. मराठी विभाग त्याला आपले मानीत नाही, कारण ते मराठीत नाही; इंग्रजी विभागाला ते वाङ्मय वाटत नाही. त्याचे मराठी भाषांतर मूळ प्रश्नोत्तरांचा क्रम राखून, टीपांसह, ताराबाई आणि रमाबाई यांच्या १८८२ च्या लेखनाशेजारी छापले गेले, तर पदव्युत्तर वर्गात अवघ्या दोन वर्षांच्या कालखंडातील तीन स्त्रियांचे तीन युक्तिवाद एकत्र वाचता येतील. त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाषांतर करणाऱ्याची कसोटी पाहील. रस्त्यावरील हेटाळणीचे ते वर्णन इंग्रजीत काहीसे औपचारिक झाले आहे. ज्या मराठी शब्दांनी ती हेटाळणी मुंबईच्या ओसऱ्यांवर प्रत्यक्ष झाली असेल, ते शब्द आनंदीबाईंनी श्रोत्यांपुढे उच्चारले नाहीत.